सोलापुरात स्वतःचा गेम सर्व्हर कोणी चालवतं का आता?

सातरस्ता

प्रश्न साधा आहे. आज सोलापुरात कोणी स्वतःचा गेम सर्व्हर, म्हणजे ज्याला जोडून सगळे एकत्र खेळतात ते मशीन, चालवतं का? स्पर्धेपुरती उघडलेली कस्टम रूम नको. चोवीस तास चालू असलेला, पत्ता पोरांना पाठ असलेला, आणि ज्याचा ॲडमिन कुठल्या पेठेत राहतो हे सगळ्यांना माहीत आहे, असा सर्व्हर.

माझ्या कॉलेजच्या वर्षांत नवी पेठेपासून विजापूर रोडपर्यंत कॅफे होते आणि बहुतेक ठिकाणी काउंटर-स्ट्राइक १.६ हा बंदुकांचा गेम चालायचा. काउंटरखालच्या एका मशीनवर एचएलडीएस, म्हणजे त्या गेमचं सर्व्हर सॉफ्टवेअर, चालू असायचं. त्या काळ्या खिडकीत ओळी सरकत राहायच्या: कोण आला, कोण गेला, कोणी कोणाला कुठल्या बंदुकीनं मारलं. खेळणाऱ्यानं कन्सोल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, उघडायचा, 'कनेक्ट' लिहायचं, पुढे १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा टाकायचा, की आत. लोडशेडिंगच्या दिवसांत इन्व्हर्टरवर ते एकच मशीन असायचं.

सर्व्हरचा सगळा स्वभाव एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला असायचा. फ्रेंडली फायर चालू की बंद, राऊंड किती मिनिटांचा, सुरुवातीला हातात ८०० डॉलर द्यायचे की रविवार आहे म्हणून सरळ १६०००. दुसऱ्या एका फाइलमध्ये आत शिरताना दिसणारा मजकूर. आमच्या ॲडमिनदादानं त्यात लिहिलं होतं, 'आई-बहिणीवरून शिवी दिली की बॅन. माफी मागायची तर काउंटरवर येऊन मागायची. गड्ड्याच्या दिवसांत सर्व्हर रात्री उशिरा चालू होईल.' गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वरांची जत्रा. पूर्व भागातली पोरं तेलुगूत, अक्कलकोट रोडची कन्नडमध्ये, बाकीचे मराठीत ओरडायचे. सगळे एकाच 'डस्ट २' मॅपवर, म्हणजे खेळाच्या एकाच मैदानावर.

आता घरोघरी फायबर आहे. पोरं तेव्हापेक्षा कितीतरी जास्त खेळतात, पण सर्व्हर कुणाचाच नाही. 'प्ले' दाबायचं, दहा अनोळखी लोक एकत्र येतात, मॅच संपली की पांगतात. परवाच्या मॅचमध्ये चांगला खेळलेला माणूस पुन्हा भेटेलच असं नाही.

हे फक्त जुन्या दिवसांच्या आठवणीतून आलेलं दुःख नाही, असं मला ठामपणे वाटतं. काउंटर-स्ट्राइक मुळात १९९९ मध्ये दोन हौशी पोरांनी व्हॉल्व्ह कंपनीच्या हाफ-लाइफ या गेमवर केलेला मॉड, म्हणजे तयार गेममध्ये बदल करून बनवलेला खेळ, होता. व्हॉल्व्हनं तो नंतर आपलासा केला. तो वाढला लोकांनी चालवलेल्या सर्व्हरवर. ती सोय काढून घेतली तर पुढचा असा गेम येणार कुठून? जाणकारांनी लिहावं. हे कसं बंद झालं आणि परत सुरू करता येईल का, दोन्हींवर.

भवानीपेठ

कसलं भारी लिवलायस बे! आमच्या कॅफेत 'आइसवर्ल्ड' मॅप लावायचे, मालक वैतागायचा आवाजानं. पॉवरलूमची शिफ्ट सुटली की मोठी माणसं पण यायची. चादरीच्या कारखान्यातला एक काका होता, त्याला पिस्तुलावर कोणी हरवलं नाही कधी.

एक विचारायचंय. आमच्याकडं एका पोरानं भुईकोट किल्ल्याचा मॅप केला होता. बुरूज, खंदक, मधे ओलीस ठेवायची खोली. त्याची फाइल कुणाकडं आहे का?

बॅकएंड_पुणे

मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात गेमच्या सर्व्हरचंच काम करतो. बंद कसं झालं याबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

१९९६ च्या क्वेकपासून पद्धत अशी होती की कंपनी गेमबरोबर सर्व्हरचा प्रोग्रॅमही देऊन टाकायची. कंपनीकडे असायचा फक्त मास्टर सर्व्हर, म्हणजे पत्त्यांची वही. तुमचा सर्व्हर त्या वहीत नाव नोंदवायचा, खेळणारे वही चाळून हवा तो निवडायचे. खेळ चालायचा तुमच्या मशीनवर, वीजबिल तुमचं, नियम तुमचे.

एक्सबॉक्ससारख्या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलवर हे जमणारं नव्हतं. घरच्या टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला यादी चाळायला लावायची नाही, म्हणून हेलो २ नं २००४ मध्ये मॅचमेकिंग, म्हणजे कंपनीनंच खेळणाऱ्यांना आपोआप जुळवून देणं, रुळवलं. पीसीवर खरी ठिणगी पडली २००९ मध्ये. कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २ पीसीवर डेडिकेटेड सर्व्हरशिवाय, म्हणजे लोकांनी वेगळा चालवायच्या सर्व्हरशिवाय, आला. आधीच्या भागात पन्नासेक जणांचे सर्व्हर चालायचे. इथे जास्तीत जास्त १८ जण, तेही खेळणाऱ्यांपैकी एकाच्या मशीनवर. तो उठून गेला की मॅच थांबणार आणि नवा यजमान शोधला जाणार. लाखाहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. गेम तरीही प्रचंड खपला. मला वाटतं सगळ्या कंपन्यांनी त्यातून एकच धडा घेतला.

मग एकेक दार बंद होत गेलं. बॅटलफील्ड ३ मध्ये (२०११) सर्व्हर भाड्यानं मिळायचा, पण ठरलेल्या पुरवठादारांकडूनच; फाइल हातात येणार नाही. टीम फोर्ट्रेस २ मध्ये जुलै २०१६ ला क्विकप्ले (एका बटणावर सर्व्हर शोधून देणारी सोय) काढून मॅचमेकिंग आणलं. लोकांच्या सर्व्हरची यादी राहिली, पण मुख्य बटण व्हॉल्व्हच्या सर्व्हरकडे नेऊ लागलं. नवा माणूस यादीपर्यंत पोहोचतच नाही. कोणी बंदी घातली नाही, फक्त वाट वळवली, आणि वर्षानुवर्षं भरलेले सर्व्हर ओस पडले. मला या सगळ्यात ती गोष्ट सर्वांत जास्त लागते.

पैशाचं कारण उघड आहे. बंदुकीवरचं रंगकाम विकायचं असेल तर कोणाकडे काय आहे याचा हिशेब कंपनीच्याच सर्व्हरवर राहायला हवा. सर्व्हर माझा असेल तर मी सगळ्यांना सगळं फुकट वाटेन. सीएस:गो मध्ये काही सर्व्हर नेमकं तेच करत होते, म्हणून २०१५ पासून व्हॉल्व्हनं प्रत्येक सर्व्हरला खात्याशी जोडलेलं टोकन सक्तीचं केलं.

आणखी एक कारण आहे, आणि ते खरं आहे. आजचा 'सर्व्हर' म्हणजे एक प्रोग्रॅम उरलेला नाही. लॉगिन वेगळं, मॅच जुळवणं वेगळं, सामानाची नोंद वेगळी, चीट पकडणं वेगळं. त्यातले काही तुकडे दुसऱ्या कंपनीचे, परवान्यावर घेतलेले. उद्या ठरवलं तरी हे उचलून तुमच्या हातात देता येत नाही. पहिल्या दिवसापासून तसं बांधलं तरच देता येतं.

जुळेसोलापूर

सविस्तर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

विजापूरवेस

धागा आवडला, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायलाच हवी.

त्या कॅफेंमध्ये मुली नव्हत्या. माझा भाऊ जायचा, मी दारातून त्याला हाक मारून परत यायची. आत काय चाललंय ते मला दिसायचं आणि मला खेळायचंही होतं. पुढे घरी पीसी आल्यावर इंटरनेटवरच्या सर्व्हरवर गेले, तर माइकवर माझा आवाज ऐकल्याबरोबर काय काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. ॲडमिन त्या बोलणाऱ्यांचाच मित्र. तक्रार केली तर मलाच किक, म्हणजे सर्व्हरबाहेर. वर काहींची ॲडमिनगिरी अशी, की स्वतः हरायला लागले की मॅप बदलायचा.

मॅचमेकिंग आलं तेव्हा मला पहिल्यांदा कोणाची परवानगी न मागता खेळता आलं. बटण दाबलं, खेळले. हे ज्यांना कायम सहज मिळालं त्यांना त्याची किंमत कळणार नाही.

पण खरं तेही सांगते. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही मैत्रिणींनी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेमचा सर्व्हर काढला. एकीच्या जुन्या लॅपटॉपवर. आत यायचं तर दोघींनी ओळख दिली पाहिजे, हा एकच नियम. त्यात सिद्धेश्वर तलाव बांधला, पायऱ्या मोजून घाट बांधला, आणि रात्री तिथे बसून नुसत्या गप्पा मारल्या. त्या सर्व्हरवर कोणी मला माझा आवाज लपवायला लावला नाही. इतका मोकळा खेळ मला कुठल्याच कंपनीच्या सर्व्हरवर मिळाला नाही.

तेव्हा सर्व्हर परत हवेत म्हणताना ॲडमिन कोण असणार हे आधी ठरवा.

सातरस्ता

ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि मूळ पोस्टमध्ये मी लिहायला हवी होती अशी हीच सर्वांत महत्त्वाची भर आहे. आमच्या दादानं शिव्यांवर बॅन ठेवला होता, पण तो एकट्याचा चांगुलपणा होता. दुसऱ्या चौकात दुसरा माणूस तसा असेलच असं नाही.

तरीही एक फरक मला मोठा वाटतो. तुम्ही तुमचा सर्व्हर काढू शकलात, कारण माइनक्राफ्टची सर्व्हर फाइल मोजांगच्या साइटवर फुकट मिळते. एका सर्व्हरवर त्रास झाला तर दुसरा उभा करता येतो, आपल्या नियमांनी. कंपनीच्या मॅचमेकिंगमध्ये त्रास झाला तर 'रिपोर्ट'चं बटण दाबायचं. त्यापलीकडे करता येण्यासारखं काय उरतं?

नेटवर्कवाला

कंपन्यांबद्दल वर लिहून झालंय. आपल्या गावातला अडथळा मी सांगतो, कारण रोज हेच बघतो.

समजा तुम्ही आज हत्तुरे वस्तीत घरी सर्व्हर लावला. पूर्वी ब्रॉडबँडच्या राउटरला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळायचा. राउटरमध्ये पोर्ट २७०१५, म्हणजे गेमचं दार, उघडलं की बाहेरचा माणूस आत. आता तसं होत नाही. आशिया-पॅसिफिकसाठीचे आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे) पत्ते एप्रिल २०११ मध्येच संपत आले, आणि भारतात इंटरनेट खरं पसरलं त्यानंतर. म्हणून पुरवठादार शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरचा माणूस तुमचं दार शोधू शकत नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानंही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात आणि पोर्ट कितीही उघडलंत तरी उपयोग नाही.

त्यामुळे गेमनं सर्व्हर फाइल दिली तरी घरून सर्व्हर चालवणारं पोरगं पहिल्याच रात्री हरतं. व्हिडिओत सांगितलं ते सगळं करतं, मित्र आत येऊ शकत नाहीत, आणि आपलंच काही चुकलं असं समजून सोडून देतं. अशी बरीच पोरं माझ्याकडे येऊन गेली. हुशार पोरं. वाईट वाटतं.

पिंगबद्दलही, म्हणजे सिग्नलला जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेबद्दल, सांगतो. फायबरमधून सिग्नल एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई इथून चारशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चार मिलिसेकंदांचं काम. प्रत्यक्षात वीस-तीस दिसतात, कारण मधे थांबे आणि वळसे. दोन वेगवेगळ्या पुरवठादारांची कनेक्शन असलेली एकाच गल्लीतली दोन घरं बहुतेक वेळा मुंबईमार्गे बोलतात. खेळायला तरीही उत्तम आहे.

उपाय तीन. एक, पुरवठादाराकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमचा एकट्याचा कायमचा सार्वजनिक पत्ता, घ्या. महिन्याला जास्तीचे पैसे. दोन, मुंबईत डेटा सेंटर असलेल्या कंपनीचा छोटा व्हीपीएस, म्हणजे त्यांच्या मोठ्या मशीनचा एक भाग, भाड्यानं घ्या. तीन, ओळखीतल्या दहा-पंधरा जणांनीच खेळायचं असेल तर वायरगार्ड या प्रोग्रॅमवर चालणारं खासगी नेटवर्क बांधा, त्याला सार्वजनिक पत्ता लागतच नाही. आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, हा खरा तोडगा आहे. माइनक्राफ्टला चालतं, पण १.६ सारख्या जुन्या गेमला ते कळत नाही.

कुंभारीकर

मी २२ चा आहे, तुमचे कॅफे मी बघितलेच नाहीत. कॅफेत आम्ही फक्त फॉर्म भरायला गेलो.

पण आम्ही काहीच चालवत नाही असं नाही. बीजीएमआयच्या, म्हणजे पबजी मोबाईलच्या भारतातल्या आवृत्तीच्या, स्पर्धा आम्ही भरवतो. कस्टम रूम काढतो, व्हॉट्सॲपवर आयडी-पासवर्ड टाकतो, पंधरा मिनिटांत रूम भरते. स्क्रीनशॉट मागवून गुण मोजतो, भांडणं सोडवतो, चीट करणाऱ्यांची नावं वहीत लिहून ठेवतो. होटगी रोडपासून बाळ्यापर्यंतची पोरं मला ओळखतात. तुमचा ॲडमिनदादा करायचा तेच काम आहे हे.

फरक आता हा धागा वाचताना कळला. मॅच संपली की रूम जाते. नियम बदलायचे तर गेमनं दिलेल्या चार-सहा खिट्ट्याच फिरवता येतात. किल्ल्याचा मॅप वगैरे तर विचारूच नका. आणि गेम गेला की सगळं गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली, आमचा सगळा ग्रुप मोडला. बीजीएमआय आला, तो जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून उतरला, मे २०२३ मध्ये परत. प्रत्येक वेळी पोरं पांगतात. काही परत येत नाहीत. सरकारचा निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. माझं म्हणणं एवढंच, की आमच्या हातात काहीच नव्हतं.

सातरस्ता

भावा, तू करतोयस ते काम खरंच मोठं आहे. मूळ प्रश्नात मी कस्टम रूमला बाजूला सारलं होतं, पण ती चालवणारी माणसं तीच आहेत हे तुझ्यामुळे नीट दिसलं.

तुला आवडेल अशी एक गोष्ट. तू जो खेळ खेळतोस तोही लोकांच्याच सर्व्हरवर जन्मला. आर्मा २ या लष्करी गेमवर डेझी नावाचा मॉड आला. त्यावर ब्रेंडन ग्रीननं 'शेवटी उरेल तो जिंकला' असा बॅटल रॉयल मॉड केला, तो लोकांच्या सर्व्हरवर चालला, पुढे आर्मा ३ वर गेला, आणि २०१७ मध्ये त्याचा पबजी झाला. डोटाही वॉरक्राफ्ट ३ मधल्या लोकांच्या मॅपमधूनच आला. आज बीजीएमआयवर असा प्रयोग सोलापुरातल्या एखाद्या पोरानं करायचा म्हटलं तर कुठे करणार?

बॅकएंड_पुणे

कुंभारीकरांचा शेवटचा मुद्दा जगभर पेटलेला आहे. युबिसॉफ्टनं 'द क्रू' हा गाड्यांचा गेम मार्च २०२४ अखेर बंद केला. लोकांनी विकत घेतलेला गेम, एकट्यानंही खेळता येईना, कारण सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू झाली. तिच्या युरोपातल्या नागरिक-याचिकेनं जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. सर्व्हर कायम चालवा अशी मागणी नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच.

होऊ शकतं हेही दिसलंय. सिटी ऑफ हीरोज २०१२ मध्ये बंद झाला. चाहत्यांनी तो स्वतःच्या सर्व्हरवर जिवंत केला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीनं त्यांना रीतसर परवाना दिला. जानेवारी २०२३ मध्ये एपिकनं जुन्या अनरियल टूर्नामेंटचे मास्टर सर्व्हर बंद केले, तेव्हा लोकांनी सेटिंगच्या फाइलमध्ये दुसऱ्या मास्टर सर्व्हरचा पत्ता टाकला आणि खेळत राहिले. १९९९ चा गेम आहे तो! सर्व्हरची फाइल लोकांच्या हातात होती म्हणून वाचला.

विजापूरवेस

सगळं पटलं. मग काढूया का एक? ॲडमिन एकटा नको. तिघं असावेत, त्यात किमान एक बाई. बॅन केला तर कारण सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. आणि ॲडमिन स्वतः हरत असताना मॅप बदलणार नाही.

भवानीपेठ

ताई, मंजूर. तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी सगळं चालेल, शिवी कुठल्याच भाषेत नाही.

नेटवर्कवाला

व्हीपीएस मी लावून देतो. सीएस १.६ ला फार ताकद लागत नाही, छोट्यातला छोटा पुरतो. एचएलडीएस व्हॉल्व्हच्या स्टीमसीएमडी या साधनातून फुकट उतरतं. खेळणाऱ्यांनी गेम मात्र स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकत घ्यावा, सेलमध्ये अगदी स्वस्त पडतो, आणि बॅन नीट लागतो कारण प्रत्येकाचा आयडी वेगळा.

@भवानीपेठ, किल्ल्याच्या मॅपबद्दल: सर्व्हरवर नवा मॅप लागला की तो खेळणाऱ्याच्या मशीनवर आपोआप उतरायचा. म्हणजे फाइल केवळ त्या कॅफेत नव्हती. जुन्या हार्ड डिस्कवर सीस्ट्राइक फोल्डरमधल्या मॅप्समध्ये बघा, मित्रांनाही बघायला सांगा.

कुंभारीकर

दादा, पण आमच्याकडं पीसी नाहीत. ग्रुपमधले बहुतेक सगळे मोबाईलवाले. आम्ही कुठं यायचं?

नेटवर्कवाला

तुमच्यासाठी माइनक्राफ्ट. पेपर नावाच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर गायझर नावाचं प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) टाकलं की मोबाईलवरून बेडरॉकवाले आणि पीसीवरून जावावाले, म्हणजे गेमच्या दोन्ही आवृत्त्यांचे लोक, एकाच जगात येतात. मोबाईलवाल्यांनी पोर्ट १९१३२ टाकायचं. ४ जीबी रॅमचं मशीन घेऊ, वीसेक जण आरामात. सर्व्हरच्या कन्सोलची चावी तुझ्याकडे देतो, नियम तू आणि ताई मिळून लिहा. एक करायचं, रोज पहाटे जगाची प्रत दुसऱ्या मशीनवर गेलीच पाहिजे. ते मी बसवून देतो, पण प्रत खरंच उघडते का हे आठवड्यातून एकदा तू तपासायचंस.

कुंभारीकर

तपासतो. शनिवारी रात्री दहाला बसू. ताई, तुमचा तो तलाव असलेलं जुनं जग अजून आहे का? असेल तर त्यातूनच सुरू करू.

विजापूरवेस

आहे. मैत्रिणींना विचारून उद्या पाठवते. घाटाची उजवी बाजू अर्धीच झालीये, ती तुम्ही पुरी करा.